मुरमाळची रिकामी करडगी

१

शैलश्रीचा एक पाय अजून जीपमध्येच होता, तेवढ्यात एका म्हातारीनं तिच्या हातावर चांदीची डबी ठेवली.

"उघड, अक्का."

शैलश्रीनं उघडली. आत काहीच नव्हतं, आणि ते काहीच नसणं बघून भर उन्हात तिच्या अंगावर काटा आला.

ती डबी म्हणजे करडगी. लिंगायत माणूस आपलं इष्टलिंग हिच्यात ठेवून गळ्यात बांधतो, आणि एकदा बांधलं की जन्मभर सोडत नाही. शैलश्री स्वतः त्याच घरची. तिच्याही गळ्यात, पदराआड, तशीच एक करडगी होती.

"कुठं मिळाली, अव्वा?"

"माझ्याच उंबऱ्यावर. सिद्धू दिसंनासा झाला, त्याच्यामागनं थोड्याच दिसांनी. पुसून लख्ख केलेली, वर विभूतीची तीन बोटं ओढलेली." म्हातारीचा आवाज कोरडा होता, मुरमाळच्या आडासारखा. "तवाच समजले मी. आमच्यात माणूस गेला की आडवा करीत न्हाईत, बसवून माती देतेत. लिंग करडगीतनं काढून डाव्या तळहातावर ठिवतेत, करडगी तेवढी घरी येती. तुला काय सांगायचं, तुझ्या गळ्यात हायच की. माझ्या लेकराची घरी आली."

ही चंद्रम्मा. तिचा लेक सिद्धलिंग हा मुरमाळ ग्रामपंचायतीचा सेक्रेटरी. मागास भागाचा विशेष निधी गावाला मिळाला होता, टाकीपासून खालच्या वस्तीपर्यंत पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन टाकायला. निधी आला, संपला, आणि त्याबरोबर सिद्धलिंगही संपला. त्याची मोटारसायकल गुलबर्गा स्टेशनच्या स्टँडवर सापडली. मग काय, गावानं त्याला मुंबईच्या गाडीत बसवलं, खिडकीची जागा दिली, मांडीवर पैशाची पिशवीही ठेवली. पाहिलं मात्र कुणीच नव्हतं.

शैलश्री आली होती गुलबर्ग्याच्या कचेरीतून, त्या निधीची तपासणी करायला. अहवाल कचेरीनं आधीच टाइप करून दिला होता. त्यात एक ओळ होती : 'सचिव फरारी.' खाली तिची सही झाली की सिद्धलिंग कायमचा चोर, त्याच्या आईचं घर जप्त, निधीचा पुढचा हप्ता परत, आणि खालच्या वस्तीतल्या बाया डोक्यावर घागरी घेऊन जन्मभर चढ चढणार. सही आज संध्याकाळपर्यंत व्हायची होती.

"घर न्या तुमी," चंद्रम्मा म्हणाली. "चोराची माय म्हणून घर राखून काय करू? माझं लेकरू कुठं बसलंय तेवढं सांग. आणि कुणी बसवलं, ते."

"चंद्रम्मा, मॅडमना उन्हात कामून उभं करायलीस गं?"

मागून मऊ आवाज आला. म्हातारीनं करडगी झटकन पदरात ओढून घेतली. लेक गेल्यापासून आख्ख्या गावाला ती करडगी दाखवत फिरणारी बाई, ह्याच आवाजाला कशी चपापली?

२

आवाज शिवशंकरप्पांचा. निवृत्त मास्तर. साठी उलटलेली, पण अंग सागवानी खांबासारखं. गाव त्यांना नुसतं 'अप्पा' म्हणे. पंचायतीच्या अध्यक्षा त्यांच्या सौभाग्यवती सुधारानी. म्हणजे खुर्ची बाईंची, तिच्यावरचा टॉवेल अप्पांचा, हे काही मुरमाळलाच घडतं असं नाही.

"पोराच्या दुःखानं भ्रमिष्ट झालीया," अप्पा हळहळले. "सिद्धू माझ्याच हाताखाली शिकला, मॅडम. बाप न्हवता त्याला. मीच बाप."

बरोबर दोघं होते. एक ठेकेदार धनराज. उदगीरकडचं शेतकरी घराणं, लिंगायत नव्हे, पण दोन पिढ्या मुरमाळात मुरलेलं. गळ्यात साखळी, गालात तंबाखू, आणि आवाज असा की करजगी गावात शिंकला तर लांबच्या मादन हिप्परग्याची कबुतरं उडावीत. दुसरा उपाध्यक्ष बसवराज, अप्पांच्याच भावकीतला. पांढरेशुभ्र बूट, आणि बोलण्याआधी अप्पांकडे बघायची सवय.

गावानं चोर ठरवला होता सिद्धलिंगला. पण कुजबुजीत कुणी खुनी म्हटलाच, तर धनराजकडे डोळे वळत. सिद्धलिंग दिसेनासा होण्याच्या आदल्या दिवशी ह्यानं चौकात त्याची कॉलर धरली होती.

"धरली व्हती," धनराज चालता चालता म्हणाला. "झाकून कामून ठिवू? बिल काढंना मर्दा माझं. म्हनला, आधी पाइप दाखव. मी म्हनलं, आधी पैसे दाखव, पाइप काय माझ्या सासऱ्यानं आंदण दिल्यात?"

"पाइप टाकला नाहीत?"

"चर खणला, फोटो काढला, चर बुजीवला. वरनं तसंच सांगण्यात आलं."

"वरून म्हणजे?"

"सेक्रेटरी," बसवराज घाईनं म्हणाला, आणि मग अप्पांकडे बघितलं. "सगळं सेक्रेटरीच बघत व्हता."

गैरहजर माणसाइतका सोयीचा चोर नाही. काही टाका त्याच्या माथी, हूं की चूं करत नाही.

टाकीपासून उताराला बुजवलेल्या चराचा पट्टा सरळ गेला होता, काळ्या रानात दोरी टाकावी तसा. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी, आणि कुठंही वारा नसताना कणसं हलत होती. मुरमाळला पाणी इतकं खोल, की बोअर मारताना दगड पडला तर खालून शिव्या ऐकू येतात, असं आळंदच्या बाजारात शपथेवर सांगतात. शैलश्रीनं पहार मागून जागोजागी टोचून बघितली. शिव्याही आल्या नाहीत आणि पाइपही लागला नाही. नुसती भुसभुशीत माती.

टाकीच्या पायथ्यापासून थोडं पुढं गेल्यावर अप्पा वाकले. वहाणा काढून त्यांनी हातात घेतल्या.

"नव्या हायत," म्हणाले. "चावायल्यात."

आणि मग शैलश्रीला ते दिसलं. चराच्या मधोमध, जमिनीतून वीतभर वर आलेला चौकोनी कट्टा. चारी बाजू सिमेंटनं लिंपलेल्या, वर एकसंध शहाबादी फरशी, गुळगुळीत, कडा गोल घासलेल्या. आख्ख्या मुरमाळात इतकं नेटकं काम तिनं दुसरं बघितलं नव्हतं.

"हे काय?"

"व्हॉल्व्हचं चेंबर," अप्पा म्हणाले.

"कुणी बांधलं?"

"मी न्हाई बा," धनराज म्हणाला. "फोटोपुरता खड्डा खणला व्हता मशीननं, पुरुषभर खोल, तसाच उघडा सोडला. बसवराजअण्णानं बांधून घेतलं असंल."

"मी? ठेकेदारानंच बांधलं की."

"सिद्धूनंच बांधून घेतलं असंल जायच्या आधी," अप्पा म्हणाले.

धनराज थकला होता. तो खुशाल फरशीवर टेकला आणि त्यानं तंबाखूची डबी काढली.

"ऊठ!"

शैलश्री दचकली. त्या मऊ गळ्यातून इतका चिरका आवाज निघेल असं तिला वाटलं नव्हतं.

"सिमेंट ओलं हाय अजून," अप्पा सावरून म्हणाले.

धनराज पुटपुटत उठला. त्याच्या जागी बसवराजनं पाय फरशीवर टेकवला, सुटलेली बुटाची नाडी बांधली आणि पुढं चालू लागला. शैलश्रीनं कडेच्या सिमेंटवर बोट फिरवलं. वाळून त्याला बारीक भेग गेलेली होती.

थोडं पुढं जाऊन अप्पांनी वहाणा पुन्हा पायात घातल्या. ते तिनं पाहिलं, पण मन दुसऱ्याच गोष्टीत अडकलं होतं. ह्या गावात न झालेल्या कामांनाही दहा बाप होते. बसथांब्यावर छप्पर नव्हतं, पण देणगीदारांची नावं होती. मग ह्या एकट्या पुऱ्या झालेल्या कामाला एकही बाप कसा नाही?

आणि पाइपच नाही, तर व्हॉल्व्ह कशाचा?

३

जेवण अप्पांच्या दासोह भवनात होतं. येईल त्याला जेवू घालायचं, म्हणून बांधलेलं. दगडी कमान, कमानीवर अप्पांचं नाव, आत आरशासारखी शहाबादी फरशी. आजूबाजूची घरं पत्र्याची, आणि मध्ये ही कमान. म्हशींच्या गोठ्यात हत्ती बांधावा तशी.

उंबऱ्यापाशी शैलश्रीचा पाय सतरंजीत अडकला. सतरंजी सरकली. खाली एका फरशीची जागा रिकामी होती, नुसती वाळू.

"काम राहिलंय जरा," बसवराज म्हणाला.

"किल्ली कुणाकडं असते इथली?"

"एक अप्पांकडं, एक माझ्याकडं. मी खजिनदार न्हवं का."

"आणि पैसा?"

"भक्तांचा," बसवराज म्हणाला आणि अप्पांकडे बघितलं.

सुधारानी वाढत होत्या. कडक भाकरी, अंबाडीची भाजी, कारळाची चटणी. ताटात तेलाची धार सोडताना त्या हळूच म्हणाल्या, "सिद्धू हितंच जेवायचा, अक्का. त्या कोपऱ्यात. हे सोता वाढायचे त्याला. आता तिकडं कुणाला बसू देत न्हाईत."

"का?"

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. अप्पांचं ताट तसंच होतं. भाकरीचा तुकडाही मोडलेला नव्हता.

"उपास हाय ह्यांचा," त्या म्हणाल्या. "सिद्धू गेल्यापासनं एकच वेळ."

शैलश्री हात धुवून बाहेर आली. दारात पादत्राणं होती. धनराजचे बूट, बसवराजचे पांढरे बूट, आणि कडेला अप्पांच्या वहाणा. तिनं त्या पायाच्या बोटानं उलट्या केल्या.

टाचा झिजून पापडासारख्या झालेल्या. अंगठ्याला दोनदा शिवण घातलेली. ह्या वहाणांना चावायला दात होते कुठं?

ती जीपपाशी गेली आणि तिनं दोन फोन केले. एक ठाण्यात, एक तहसीलदारांना.

"अव्वा," मग ती जीपच्या सावलीत बसलेल्या चंद्रम्माला म्हणाली, "करडगी घेऊन टाकीकडं ये. आणि एक सांग. सकाळी अप्पांना बघून ती लपवलीस कामून?"

म्हातारीनं पदरातली करडगी चाचपली.

"साऱ्या गावानं हातात घेऊन बघितली ती, अक्का," म्हणाली. "हसले, थुंकले, पर बघितली. एकट्या अप्पानं नजर वळवली. तवापासनं मला भ्या वाटतंय."

४

ऊन कलायला लागलं तेव्हा सगळे चेंबरभोवती उभे होते. ठाण्याचे साहेब दोन शिपाई घेऊन आले होते. तहसीलदार छत्रीखाली घाम पुसत होते. खालच्या वस्तीतल्या बाया घागरी घेऊन चढावर थबकल्या होत्या. अप्पा आले ते शेवटी, आणि अनवाणी आले. वहाणा त्यांनी लांब, ज्वारीच्या कडेलाच सोडल्या होत्या.

"मॅडम, एका फरशीसाठी एवढी जत्रा?" साहेब म्हणाले.

"साहेब, करडगीपासनं सुरू करू," शैलश्री म्हणाली. "सिद्धलिंग पळाला असता तर लिंग आणि करडगी दोन्ही त्याच्या गळ्यात गेली असती. चोरानं मारला असता तर चांदी गुलबर्ग्याच्या सराफाकडं गेली असती. पण लिंग त्याच्यापाशी राहिलं आणि करडगी घरी आली, तीही विभूती लावून. म्हणजे तो गेलाय, आणि कुणीतरी त्याला रीतीनं बसवलंय. ज्याच्या हाडात ही रीत मुरलीय, अशानं."

"म्हंजी मी सुटलो का?" धनराजनं विचारलं.

"तुम्ही असता तर चर उघडा होता, मशीन दारात होतं. आडवा टाकून माती लोटली असती, आणि त्याच्यावरनं रोज गाडी नेली असती. माणूस आडवा ठेवायला हा चर पुरेसा होता. बसवायला मात्र पुरुषभर खोल खड्डा लागतो."

चढावरच्या एका बाईच्या डोक्यावरची घागर डुचमळली. सगळ्यांची नजर एकाच वेळी त्या चौकोनी कट्ट्यावर गेली, आणि सगळे एकेक पाऊल मागे सरले. अप्पा सरले नाहीत.

"ह्या कामाला बाप नाही म्हणतात. पण फरशीला घर आहे. दासोह भवनाच्या उंबऱ्यातून एक फरशी गेलीय. अशाच घासलेल्या कडांची. भवनाच्या किल्ल्या दोघांकडं."

बसवराजच्या तोंडाचं पाणी पळालं. "मॅडम, आईची शपथ! पैशाचं मला ठावं हाय. पाइपचा पैसा भवनाला लागला, मी कबूल हाय. पर खुनाचं मला काय ठावं न्हाई!"

"तुम्हाला माहीत नाही, हे तुमच्या बुटांनी सांगितलं," शैलश्री म्हणाली. "सकाळी ह्याच फरशीवर पाय ठेवून तुम्ही नाडी बांधलीत. खाली कोण बसलंय हे ठाऊक असतं, तर तुमच्या गळ्यातल्या लिंगाच्या दोऱ्यानं तुम्हाला ते करू दिलं नसतं."

ती अप्पांकडे वळली. तिचा आवाज आपोआप खाली आला. मास्तरांशी बोलताना येतो तसा.

"अप्पा, माझा अहवाल तयार आहे. सचिव फरारी, असं त्यात लिहिलंय. तुम्ही ह्या फरशीवर उभं राहा आणि एवढंच म्हणा, की खाली व्हॉल्व्ह आहे. मी आत्ता, इथंच सही करते."

५

एक पाऊल. अप्पांचं सगळं एका पावलावर होतं. दासोह भवन, कमानीवरचं नाव, खुर्ची, अब्रू. कुणालाही जमलं असतं. शेंबड्या पोरानंही उडी मारून दाखवली असती.

अप्पांनी उजवा पाय उचलला. तो फरशीच्या वर अधांतरी राहिला. कणसं हलायची थांबली होती. मग पाय मागं आला, गुडघे वाकले, आणि तो सागवानी खांब फरशीपुढं कोसळला. त्यांनी कपाळ फरशीला टेकवलं.

"पाय न्हाई ठिवता येत," ते म्हणाले. "ठिवता आला असता तर पुढचं काय अवघड व्हतं?"

मग ते फरशीशीच बोलत राहिले. त्या दिवशी सिद्धू टाकीवर पाणी बघायला चढला होता. अप्पा मागोमाग गेले समजूत घालायला. कागद बदल, म्हणाले. भवन पुरं झालं की पुढच्या हप्त्यातनं पाइप टाकू. देवाचं काम हाय.

"त्यो म्हणला, अप्पा, खालच्या वस्तीच्या घागरी फोडून दासोह व्हत न्हाई. एवढंच म्हणला. शाळेत मीच शिकवलेलं मला परत द्यायलाय, असं वाटलं. माझा हात उठला. ढकलायला उठला का धरायला, माझं मलाच आता कळंना. खाली दगडाचा ढीग व्हता."

"मोटारसायकल?" साहेबांनी विचारलं.

"मीच नेऊन लावली टेसनावर. परत आलो तवा त्यो तसाच, ताडपत्रीखाली. चर उघडा व्हता, मॅडम म्हणत्यात तसं. ओढून टाकलं असतं, कुणाला कळलं नसतं." अप्पांनी मान हलवली. "पर लेकराला आडवं कसं टाकू? खड्ड्यात बसवला. भस्म लावलं. लिंग हातात दिलं. करडगी ठिवून घ्यायला धीर न्हाई झाला, पुरायला तर न्हाईच. मायची चीज मायला नेऊन दिली."

चंद्रम्मा पुढं आली. वाटेतले शिपाई आपोआप बाजूला झाले.

"जीव घेतलास, ते एक राहू दे," ती म्हणाली. "विभूती लावलीस, लिंग हातात दिलंस, समदी रीत केलीस. मग चोर कामून केलास त्याला? ती कुठली रीत, मास्तर?"

अप्पांनी कपाळ पुन्हा फरशीला टेकवलं.

पहारी लागल्या. फरशी सरकली. आतून मातीचा आणि सुकलेल्या बेलपानांचा वास वर आला. तहसीलदारांनी तोंड फिरवलं. बायांनी घागरी खाली ठेवल्या. माती हातानं बाजूला करत शिपाई खाली गेले, आणि बऱ्याच वेळानं खालून एकाचा दबका आवाज आला, "हायत साहेब. बसल्यात."

शैलश्री काठाशी गेली. तिला दिसला तो एक तळहात, डावा, मांडीवर उताणा ठेवलेला. आणि त्याच्यात मातीनं माखलेलं, बोराएवढं लिंग.

म्हातारी रडली नाही. तिनं पदरातून करडगी काढली, उघडली, बंद केली, परत पदरात ठेवली. पोलीस अप्पांना जीपकडे नेत होते. तेव्हा ती मोठ्यानं म्हणाली, खालच्या वस्तीपर्यंत ऐकू जावं अशी,

"शिवशंकरप्पा! माझ्या लेकराला तू तरी बसवलास. तुला कोण बसवंल रं?"

अप्पा थबकले, मागं मात्र वळले नाहीत. जीपमध्ये चढले ते अनवाणीच. वहाणा ज्वारीच्या कडेला तशाच राहिल्या. मुरमाळची कुत्री देवळाच्या दारातलीही पादत्राणं पळवतात, पण त्या जोडाला आजवर एकानंही तोंड लावलेलं नाही म्हणे.

शैलश्रीनं जीपच्या टपावर अहवाल ठेवला. 'पाइपलाइन' पुढं तिनं लिहिलं, 'नाही. पुढचा हप्ता थांबवू नये, काम नव्यानं करून घ्यावं.' मग ती त्या टाइप केलेल्या ओळीपाशी थांबली. 'फरारी' हा शब्द तिनं इतका दाबून खोडला की कागद फाटला. फाटलेल्या जागेच्या बाजूला, चंद्रम्मा बघत असताना, तिनं स्वच्छ अक्षरात लिहिलं :

सचिव कामाच्या जागी हजर.